मुळाशी आधी कोण पोहोचतं?

भुईमुगाला आऱ्या सुटायच्या दिवसांत एखादं झाड एकाएकी मान टाकतं. आजूबाजूची झाडं हिरवीगार असतात, आणि मधलं एकच पिवळं पडून वाळू लागतं. पाणी कमी पडलं म्हणावं, तर जागा फोंडाघाटची. कणकवली तालुक्यातलं हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता इथून घाट चढतो आणि दाजीपूरच्या जंगलात शिरतो. समुद्रावरून आलेले ढग याच कड्याला अडतात, आणि वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो. इथलं झाड तहानेने मरत नाही.

बुंध्याजवळची माती बोटाने हलकेच बाजूला करा. खोड जिथे जमिनीत शिरतं, नेमक्या त्या जागी पांढऱ्या तंतूंचा पंखा पसरलेला दिसेल. त्या पांढऱ्यावर मोहरीएवढे गोल कण दिसतील, काही अजून दुधी, काही पिकून तपकिरी झालेले. झाड उपटायला जावं तर वरचा भाग हातात येतो आणि शेंगा जमिनीतच राहतात. शेतकरी याला खोडकूज म्हणतो. शास्त्रात या बुरशीचं नाव स्क्लेरोशियम रोल्फसी. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पीटर हेन्री रोल्फ्स यांनी १८९२ मध्ये टोमॅटोच्या रोगात ती पाहिली, आणि १९११ मध्ये इटलीच्या साकार्दो यांनी तिचं नामकरण केलं. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती तिला चालतात. भुईमूग, चवळी, वाल तर चालतातच, पण सुरण, वांगी, मिरची, पानवेलही सुटत नाहीत.

तिची मारण्याची रीत पाहिली की अंगावर काटा येतो. ती आधी झाडात शिरत नाही. बाहेर बसूनच ऑक्झॅलिक आम्ल सोडते. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनच्या थराने, आणि त्या थराला बळकटी असते कॅल्शियमची. आम्ल ते कॅल्शियम ओढून घेतं. थर सैल पडला की बुरशीची विकरं पेक्टिन विरघळवतात, पेशी मरतात, आणि मग ती मेलेल्या भागात पाऊल टाकते. पीक निघून गेलं की ते मोहरीएवढे कण मातीत पडून राहतात. प्रत्येक कणावर कडक काळपट साल असते, आत अन्न भरलेलं असतं. पुढच्या हंगामात ऊब आणि ओल मिळाली, जवळपास कुजका पाला असला, की त्यातून पुन्हा पांढरे तंतू निघतात.

अशा शत्रूवर औषध मारायचं कुठे? पानावर फवारलेलं बुंध्यापर्यंत पोहोचत नाही, आणि जमिनीत ओतायचं तर गुंठ्यागुंठ्याला किती पाणी आणि किती पैसा लागेल? शिवाय कोकणातला पाऊस ओतलेलं धुऊन नेतो. इथे उपयोगी पडतो तो मातीत स्वतः जगणारा, वाढणारा, आणि शत्रूला शोधत जाणारा कुणीतरी. तो मातीत आधीपासून आहे, हे मला या सगळ्या विषयातलं पहिलं नवल वाटतं.

त्याचं नाव ट्रायकोडर्मा. हीसुद्धा बुरशीच. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर, पाल्यावर जो हिरवा मऊ थर दिसतो, त्यात ती बरेचदा असते. पर्सून यांनी १७९४ मध्येच तिला नाव दिलं होतं, पण पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं ती कुजवणारी एक साधी बुरशी म्हणूनच ओळखली गेली. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथे रिचर्ड वाइंडलिंग लिंबूवर्गातल्या रोपांची मर तपासत होते. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की ट्रायकोडर्माचे तंतू रोगकारक रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेटोळे घालतात, आणि वेटोळ्यातला तंतू रिकामा होऊन जातो. एक बुरशी दुसरीला खात होती.

हा सामना साध्या काचेच्या बशीतही पाहता येतो. बटाट्याचा अर्क, साखर आणि आगर यांचा थर नऊ सेंटिमीटरच्या बशीत ओततात. एका काठाशी रोगाच्या बुरशीचा छोटा तुकडा आणि समोरच्या काठाशी ट्रायकोडर्माचा. दोन-तीन दिवसांत दोघी मधल्या रेषेकडे सरकतात. मग भेट होते. स्क्लेरोशियमची पांढरी वाढ थबकते, ट्रायकोडर्मा थांबत नाही. ती पांढऱ्यावर चढते, आणि आठवडा भरेपर्यंत तिच्या हिरव्या बीजाणूंनी सगळी बशी व्यापलेली असते. ते कडक सालीचे कणही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. ती साल भेदून आत जाते आणि कण पोकळ करते.

यातलं बारीक काम आणखी थक्क करणारं आहे. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते; कोळंबीच्या कवचात असतं तेच द्रव्य. ट्रायकोडर्मा कायटिन तोडणारं विकर नेहमीच थोडंथोडं बाहेर सोडत असते. ते मातीत पसरतं. वाटेत दुसऱ्या बुरशीची भिंत लागली, तर तिचे सूक्ष्म तुकडे सुटतात आणि पसरत परत ट्रायकोडर्मापर्यंत येतात. त्या तुकड्यांवरून तिला कळतं, की जवळपास शिकार आहे. मग ती विकरांचं उत्पादन वाढवते आणि त्या दिशेने वाढू लागते. म्हणजे स्पर्श व्हायच्या आधीच हल्ल्याची तयारी झालेली असते. २०११ मध्ये तिच्या काही जातींचे जनुकसंच एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा असं दिसलं की दुसऱ्या बुरशींवर जगणं हाच या कुळाचा मूळ धंदा आहे. लाकूड-पाला खाणं ही नंतरची सवय.

आणि तिचा वास! ट्रायकोडर्माच्या काही वाणांची बशी उघडली की चक्क नारळाचा वास येतो. पेंटिल पायरोन नावाच्या द्रव्याचा तो गंध. १९७२ मध्ये ते ट्रायकोडर्मातून ओळखलं गेलं. आपल्याला तो ताज्या खोबऱ्याचा वाटतो, पण इतर बुरशींची वाढ त्याने खुंटते. माडांच्या या जिल्ह्यात, मातीतली एक बुरशी आपल्या शत्रूला नारळाच्या वासाने मागे रेटते, ही गोष्ट मला कुठल्याही दंतकथेपेक्षा मोठी वाटते.

तिची भूक किती, हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला कळलं. सॉलोमन बेटांवरच्या दमट हवेत सैन्याचे सुती तंबू कुजून फाटू लागले. त्या तंबूंवरून मिळालेला ट्रायकोडर्माचा एक वाण आज जगभरच्या कारखान्यांत सेल्युलोज तोडणारी विकरं तयार करतो. जीनचं कापड मऊ करायला तीच वापरतात.

पण शेतातली गोष्ट दोन बुरशींच्या झुंजीवर संपत नाही. मधे झाड आहे, आणि झाड कडधान्याचं असलं की एक मोठं कोडं उभं राहतं.

कुळीथ, चवळी, उडीद, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात. गुलाबी गाठ नखाने फोडली तर आत लालसर रस दिसतो. तिथे रायझोबियम गटातले जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये ही बाब मांडली, आणि हॉलंडच्या बेयरिंक यांनी १८८८ मध्ये गाठीतला जीवाणू वेगळा करून वाढवला. म्हणजे कडधान्याला आपल्या मुळाचं दार एका परक्या जिवासाठी मुद्दाम उघडावं लागतं. त्याच मातीत, त्याच मुळाजवळ मर रोगाची बुरशीही टपून असते. दार उघडायचं, पण चोर आत येता कामा नये. हे झाड कसं ठरवतं?

बुरशी जवळ आली की तिच्या भिंतीतल्या कायटिनचे तुकडे मुळाला जाणवतात. मुळाच्या पेशींवर ते ओळखणारे ग्राहक असतात. तुकडा बसला की धोक्याची सूचना जाते, भिंती जाड होतात, विषारी द्रव्यं तयार होतात. आता रायझोबियम काय करतो? मुळातून पाझरणाऱ्या फ्लॅवोनॉइड द्रव्यांची चाहूल लागली की तो एक निरोप तयार करतो. हा निरोप कशाचा बनला आहे, ते १९९० मध्ये फ्रान्समध्ये उलगडलं. कायटिनच्याच चार-पाच कड्यांची साखळी, आणि तिला जोडलेली मेदाम्लाची एक शेपटी! ज्या द्रव्याने शत्रू ओळखला जातो, त्याच द्रव्यात मित्राने आपली ओळख लिहिली आहे.

२००३ मध्ये डेन्मार्कच्या आर्हूस इथल्या शास्त्रज्ञांनी लोटस नावाच्या शेंगवर्गीय वनस्पतीत हा निरोप वाचणारे ग्राहक शोधले. कायटिन ओळखून लढाई पुकारणारे ग्राहक आणि हे, एकाच घराण्यातले निघाले. २०२० मध्ये त्याच गटाने दाखवलं, की दोघांतला फरक प्रथिनाच्या अगदी छोट्या भागात आहे. तेवढे तुकडे बदलले, की लढणारा ग्राहक स्वागत करू लागतो. कुळथाच्या रोपाला वरच्या पावसाचं काही कळत असेल-नसेल, पण त्याच्या मुळाला साखळीच्या लांबीवरून आणि एका शेपटीवरून मित्र-शत्रू कळतो. मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर कुळथाच्या शेताकडे पूर्वीसारखं पाहता आलेलं नाही.

ट्रायकोडर्माचं काय मग? तिच्याही भिंतीत कायटिन आहेच. ती मुळाशी आली की झाड आधी सावध होतं. ती सालीच्या एक-दोन थरांपर्यंतच शिरते आणि तिथे अडवली जाते. अडवलेली असली तरी ती राहते, मुळातून पाझरणारी साखर खाते, आणि तिच्या असण्यामुळे झाडाची सावधगिरी टिकून राहते. पुढे खरा शत्रू आला तर प्रतिकार लवकर उभा राहतो. हा तह झाडाच्या बळावर टिकतो. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या वनस्पतीत सॅलिसिलिक आम्ल तयार होईनासं केलं, तेव्हा ट्रायकोडर्मा मुळातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत घुसली आणि रोपं खंगली. म्हणून तिला सरसकट ‘मित्रबुरशी’ म्हणताना मी थोडा थांबतो. ती मित्र आहे, पण कुंपणाच्या ठरलेल्या बाजूला. धिंगरी अळंबी पिकवणाऱ्याला विचारा. त्याच्या पिशव्यांत शिरली तर तीच हिरवी बुरशी सगळं पीक खाऊन टाकते.

मुळाशी तिसरी मंडळी जीवाणूंची. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स हा जीवाणू अतिनील प्रकाशात हिरवट चमकतो. ही चमक लोह पकडणाऱ्या द्रव्याची आहे. लोह सगळ्यांनाच लागतं. हा जीवाणू ते आधी उचलतो आणि बुरशीला उपाशी ठेवतो. कोकणची जांभ्याची माती लोहाने लाल आहे खरी, पण ते बहुतेक न विरघळणाऱ्या गंजाच्या रूपात. तरी आम्ल मातीत थोडं अधिक लोह सुटतं, त्यामुळे ही ओढाताण इथे जरा सैल असते. मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती कडक होते. दुसरा बॅसिलस सबटिलिस. १८७६ मध्ये फर्डिनांड कोन यांनी गवताच्या काढ्यात पाहिलं, की काढा उकळूनही हा जीवाणू बीजाणूच्या रूपाने जिवंत राहतो. त्यामुळे पुडीत महिनोन्महिने टिकणं त्याला सोपं जातं. त्याची साबणासारखी मेद-प्रथिनं बुरशीच्या पेशीचं आवरण फाडतात.

महाराष्ट्रात कडधान्यांवरचा मोठा बुरशीजन्य रोग खोडकूज नव्हे, मर. तुरीची मर एडविन बटलर यांनी बिहारातल्या पुसा इथे अभ्यासली आणि १९१० मध्ये तिच्या बुरशीला फ्युजेरियम उडम हे नाव दिलं. ही बुरशी मुळातून आत जाते आणि पाण्याच्या नळ्या अडवते. मेलेल्या तुरीचं खोड उभं चिरलं तर आत काळसर रेघ दिसते. हरभऱ्याच्या मरीची बुरशी तर हरभरा न पेरताही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. यावर आपल्याकडच्या पैदासकारांनी मोठं काम केलं. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या केंद्राची बीएसएमआर ७३६ ही तूर मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही. राहुरीचा ‘विजय’ हा हरभऱ्याचा वाण मरीला तोंड देतो. ज्वारीत तूर पेरली की मर कमी होते, हेही शेतात आणि प्रयोगात दिसलेलं आहे. पण बुरशीचे प्रकार बदलत राहतात आणि वाणाचा प्रतिकार कायमचा नसतो. म्हणून चांगला वाण आणि मुळाशी बसवलेले सूक्ष्मजीव, दोन्ही हवेत.

सूक्ष्मजीवांकडून बुरशीनाशक मिळवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या दशकात थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून ऑरिओफंगिन मिळवलं. ते पिकांवर वापरलं गेलं. रोगट माडाला मुळातून पाजण्याच्या उपायातही ते होतं. त्यात जीवाणूने तयार केलेलं द्रव्य वापरायचं होतं. ट्रायकोडर्मात तर तो जीवच शेतात सोडायचा आहे, आणि म्हणून त्याला जिवंत ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

या जबाबदारीची सुरुवात पुडीपासून होते. ट्रायकोडर्माची भुकटी कीटकनाशक कायद्याखाली नोंदली जाते आणि एक टक्का भुकटीत दर ग्रॅमला निदान २० लाख जिवंत अंश असावे लागतात. पुडी पत्र्याखाली तापली, मुदत उलटली, तर हातात उरते ती शंखजिऱ्याची पावडर. माझं स्पष्ट मत आहे, की या उपायाला जिथे नावं ठेवली जातात तिथे बऱ्याचदा बुरशी शेतात पोहोचण्याआधीच मेलेली असते. दुसरी चूक उशिराची. मान टाकलेल्या झाडाला ट्रायकोडर्मा वाचवत नाही. तिचं काम बी रुजण्यापूर्वी सुरू व्हायला हवं, कारण सगळी शर्यत मुळाच्या पहिल्या काही दिवसांतली आहे. जो आधी मुळाच्या सालीवर बसला, जागा त्याची.

फोंडाघाटसारख्या गावाला यात दोन गोष्टी अनुकूल आहेत. ट्रायकोडर्माला आम्ल माती मानवते, आणि तिला ओल व सेंद्रिय खत हवं असतं. गोठा असलेल्या घरी चांगलं कुजलेलं शेणखत असतंच. शंभर किलो शेणखतात किलोभर भुकटी मिसळायची, ढीग सावलीत ठेवायचा, पाणी शिंपडून ओलसर राखायचा आणि गोणपाटाने झाकायचा. दर तीन-चार दिवसांनी खालवर करायचा. दुधात विरजण लागतं तसं पंधरा दिवसांत सगळ्या खतात ती पसरते, आणि गोणपाट उचलला की ढिगावर हिरवट झाक दिसते. भुईमुगाच्या वरकस जमिनीत हे खत पेरणीआधी मिसळायचं. मात्र धिंगरीचे बेड असतील तर ढीग त्यांच्यापासून लांब. कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र फोंडाघाटातच आहे, तेव्हा शंका विचारायला घाट चढावा लागत नाही.

भात कापून झालं की मळ्यातल्या उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. ज्याच्या पिठीवर इथली घरं वाढली, ते हे पीक. त्याला पाणी नाही, खत नाही, फारशी निगाही नाही. म्हणून बियाण्यावर केलेलं काम इथे सगळ्यात जास्त फळ देतं. घमेल्यात किलोभर कुळीथ घ्यावेत, गुळाचं थंड पाणी जेमतेम शिंपडावं, पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा टाकून हलक्या हाताने चोळावं, साल निघू देऊ नये. त्यानंतर २५ ग्रॅम रायझोबियम, तेही चवळीगटाचं. हरभऱ्याचा रायझोबियम कुळथाच्या मुळाला ओळखीचा निरोप देऊ शकत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावण्यात अर्थ नाही, ते तिलाही मारतं. बी सावलीत सुकवावं, उन्हात मुळीच नाही, आणि त्याच दिवशी पेरावं.